ऑल्वेन प्रीसचा स्ट्यू

रविवारी सकाळी ऑल्वेन प्रीस आरशासमोर उभी राहून स्कार्फला पिन लावत होती आणि स्वतःलाच बजावत होती, की आज काय वाट्टेल ते होवो, "छान आहे, थँक्यू" एवढं बोलून परत यायचं नाही. अठ्ठ्याहत्तर वर्षं ती तेवढंच बोलत आली होती. बसमध्ये कुणी हिच्या पायावर पाय दिला तर सॉरी हीच म्हणायची. दवाखान्यात दोन तास ताटकळत ठेवलं तरी निघताना डॉक्टरचे आभार मानायची. हेझलबॅच गावात सगळेच असे आहेत म्हणा. इथला माणूस नदीत बुडायला लागला तर काठावरच्याला आधी विचारेल, तुमचे कपडे भिजणार नाहीत ना? पण ऑल्वेनने त्यातही कमाल केली होती, आणि त्यापायी ती आपल्या हातचा एक स्ट्यू गमावून बसली होती.

हसू नका. त्या स्ट्यूवर एक अख्खी सराई चालते.

गावाच्या तोंडाशी, घोडागाड्यांच्या जुन्या रस्त्यावर 'रेड हेफर' आहे. बाहेर लाल कालवडीची पाटी, वाकलेलं छप्पर, आत कपाळमोक्ष होईल अशा बुटक्या तुळया. तीनशे वर्षं झाली असतील त्या वास्तूला. सुट्टीच्या दिवशी बर्मिंगहॅमकडून मोटारी भरभरून लोक येतात ते तिथला 'कोचमन स्ट्यू' खायला. त्याची गोष्ट मेनूकार्डावर आहे, भिंतीवरच्या फळ्यावर आहे, विकायला ठेवलेल्या भांडी पुसायच्या फडक्यांवरसुद्धा आहे. सतराशे पंच्याऐंशीच्या हिवाळ्यात म्हणे बर्फात घोडागाडी अडकली, आणि सराईवाल्याची बायको हॅना हिने घरात होतं नव्हतं ते एका भांड्यात शिजवून गारठलेल्या गाडीवानाचा जीव वाचवला. गोष्ट छान आहे. फक्त हॅना नावाची बाई कधी नव्हतीच. बर्फ होता, पण तो एकोणीसशे एकोणऐंशीच्या फेब्रुवारीतला, आणि होतं नव्हतं ते भांड्यात घालणारी बाई होती ऑल्वेन.

तेव्हा ती तेहतीस वर्षांची, हेफरच्या स्वयंपाकघरात कामाला. मालकीण होती मिसेस थर्सफील्ड, बोलायला गोड आणि वागायला पक्की. तीन दिवस रस्ते बंद, अठरा गिऱ्हाइकं सराईत अडकलेली, आणि घरात मेंढीच्या मानेचं चिवट मटण सोडलं तर काही नाही. ऑल्वेनने सकाळच्या मोठ्या किटलीत उरलेला गार कडक चहा त्या मटणावर ओतला आणि चार तास ते तसंच मुरू दिलं. मग तळघरात जाऊन मालकिणीच्या सासूच्या वेळेपासून धूळ खात पडलेल्या अक्रोडाच्या लोणच्याच्या बरण्या वर आणल्या. कोवळे हिरवे अक्रोड, व्हिनेगरात मुरून काळेठिक्कर पडलेले.

"ते काय घालतेस त्यात?" मिसेस थर्सफील्ड म्हणाल्या. "माणसं मरतील."

"उपाशी मरण्यापेक्षा खाऊन मरू दे," ऑल्वेन म्हणाली. स्वयंपाकघरात तिला तोंड होतं. ते जायचं कधी, तर स्वयंपाकघराचं दार ओलांडलं की.

माणसं मेली नाहीत. पावाने भांडी पुसून खाल्ली. पुढच्या आठवड्यापासून 'मटण स्ट्यू' म्हणून तो मेनूवर आला, आणि गावात कुणी विचारलंच तर भांडी घासणारी आयव्ही ठसक्यात सांगायची, "आमच्या ऑल्वेनचा आहे तो."

मग दोन वर्षांनी तो गृहस्थ आला. जुन्या सराया हिंडून त्यांच्यावर पुस्तक लिहिणारा, कोपरावर चामड्याचे तुकडे लावलेला कोट घालणारा. जेवला, चमचा खाली ठेवला आणि म्हणाला, हे ज्यांनी केलं त्यांना मला भेटायचंय. ऑल्वेन एप्रनला हात पुसत बाहेर आली. सगळी गिऱ्हाइकं बघायला लागली. तो गृहस्थ चक्क उठून उभा राहिला आणि म्हणाला, "बाई, असा स्ट्यू मी आयुष्यात खाल्ला नाही. ही कल्पना कुणाची?"

माझी, एवढंच म्हणायचं होतं. एक शब्द. पण ऑल्वेनच्या आईने पोरींना असं वाढवलं होतं की शाळेत पहिला नंबर आला तरी घरी सांगायची चोरी. "मोठी आली शहाणी," हे त्या घरातलं एकमेव कौतुक. चार लोकांत कुणी वाखाणलं की ऑल्वेनला न्हाणीघराचं दार उघडं राहिल्यासारखं व्हायचं. तिचे कान लाल झाले, आणि तोंडातून बाहेर पडलं, "छे हो, माझं काय त्यात. इथे पहिल्यापासून करतात तो. घोडागाड्यांच्या वेळेपासून."

बाजूला मिसेस थर्सफील्ड उभ्या होत्या. त्यांच्या डोळ्यांत जी चमक आली ती ऑल्वेनने पाहिली होती, पण तिचा अर्थ तिला महिन्याभराने कळला. फळा लागला. त्यावर गाडीवान आला, मग बर्फ आला, मग सतराशे पंच्याऐंशी साल आलं, आणि शेवटी हॅना आली. ऑल्वेन रोज त्या फळ्याखालून ताटं घेऊन जायची. मालकिणीला एकदा ती म्हणाली, "बाई, हे जरा जास्तच होतंय." मालकीण म्हणाली, "अगं, तूच तर सांगितलंस."

घरी नवऱ्याला सांगितलं. डेस प्रीस खाणीत कामाला, माणूस वाईट नव्हता, पण असल्या गोष्टी त्याच्या डोक्यावरून जायच्या. "मग काय थडग्यावर कोरून घ्यायचंय का तुला?" तो म्हणाला आणि बूट काढायला लागला. त्याच वर्षी बारा वर्षांच्या रसेलने शाळेत हॅना आणि गाडीवानावर निबंध लिहिला आणि पहिलं बक्षीस आणलं. पोरगा धावत घरी आला, कधी नव्हे तो खुलला होता. त्याला काय सांगायचं, की बाळा, हे सगळं झूट आहे? तिने निबंध भिंतीवर लावला. त्या दिवशी ती खऱ्या अर्थाने तोंडाला कुलूप लावून बसली, आणि तीही स्वतःच्या मर्जीने, हे विसरून चालणार नाही.

एकोणीसशे अठ्ठ्याण्णवमध्ये हेफर एका कंपनीने घेतली. ऑल्वेनला निरोप दिला तेव्हा भेट म्हणून हॅनाची गोष्ट छापलेलं फडकं दिलं. तिने थँक्यू म्हटलं, छान आहे म्हटलं.

त्यानंतर सव्वीस वर्षं तिने सराईत पाय ठेवला नाही. मालकीण गेली, आयव्ही गेली, डेस गेला. कदाचित ऑल्वेनही हे सगळं बरोबर घेऊन निमूट गेली असती. पण या जुलैत गावच्या जत्रेत एका मुलीला पांढरी टोपी घालून, गाल रंगवून गाडीवर उभं केलं होतं. हॅना. तिच्या हातात मोठा डाव, समोर पातेलं. चर्चचे पाद्रीबाबा म्हणाले, चला, आपल्या गावच्या या थोर स्त्रीसाठी टाळ्या होऊन जाऊ दे. सगळ्यांनी वाजवल्या. ऑल्वेननेही वाजवल्या. आणि वाजवता वाजवता तिला स्वतःच्या हातांची अशी किळस आली की ती गर्दीतून निघून घरी आली आणि भर उन्हाळ्यात पडदे ओढून बसली. तिथे तिने ठरवलं. जगाला नको, पण रसेलला आणि नातीला, बेथनला, हे कळायला हवं. तेही घरी सोफ्यावर बसून नाही. त्या वास्तूत, त्या फळ्याखाली, स्ट्यू समोर ठेवून. त्याशिवाय आपण मरायचं नाही.

म्हणून रसेलने जेव्हा फोनवर विचारलं, आई, रविवारी कुठे जेवायला जायचं, तेव्हा ती पटकन म्हणाली, "हेफर." तो म्हणाला, चालेल.

रसेलच्या मनातही काहीतरी होतं, आणि ऑल्वेनला ते कळत होतं. आपल्याकडे बाहेर जेवायला नेतात ते काहीतरी बोलायचं असतं तेव्हाच, कारण चार लोकांत कुणी रडत नाही. रसेल पंचावन्नचा, रस्ते खात्यात नोकरी, सदा कपाळाला आठी. गेल्या हिवाळ्यात ऑल्वेन एकदा गॅस चालू ठेवून कोंबड्यांना दाणे टाकायला गेली होती. मे महिन्यात फोनवर बेथनला मावशीच्या नावाने हाक मारली होती. हे सगळं रसेल मनात टिपून ठेवत होता. औषधांच्या दुकानातून त्याने एक पत्रक आणलं होतं, विसरभोळेपणाची लक्षणं, आणि ते त्याच्या कोटाच्या खिशातून डोकावत होतं.

"आई, गॅस बंद केलास ना?" गाडीत बसल्यावर त्याने विचारलं.

"केला."

"बघून केला?"

"नाही, डोळे मिटून केला."

मागे बसलेली बेथन फिसकन हसली. एकवीस वर्षांची पोरगी, रोपवाटिकेत कामाला, नखांत कायम माती, आणि आजीवर तिचा भारी जीव. या कुटुंबात जे मनात येईल ते बोलून टाकणारी पहिलीच. ऑल्वेनला तिच्याकडे बघून कधीकधी भीती वाटायची आणि बरंही वाटायचं.

हेफरमध्ये त्यांना नेमकं फळ्याखालचंच टेबल मिळालं. शेगडीत लाकडं जळत होती. भिंतींना कुठूनशा आणलेल्या लगामांच्या पितळी चकत्या लावल्या होत्या, जिथे पूर्वी फक्त ओल असायची. एक तरतरीत तरुण आला आणि गुडघे वाकवून टेबलाच्या उंचीला आला.

"हाय. मी जॅस्पर, इथला मॅनेजर. आज तुमची काळजी मी घेणार आहे. आणि तुमचं नाव?"

"मिसेस प्रीस."

"पहिलं नाव?"

"ऑल्वेन," तिला सांगावंच लागलं.

"वा. तर ऑल्वेन, पहिल्यांदाच येताय का आमच्याकडे?"

बेथनने तोंडात रुमाल कोंबला. रसेलने घाईघाईने तीन कोचमन स्ट्यू सांगितले आणि पेयं आणायला स्वतःच उठून बारकडे गेला. तिथे रांग होती. ऑल्वेनला एवढीच संधी हवी होती. ती पुढे वाकली आणि हळू आवाजात, खाली मान घालून, नातीला सगळं सांगितलं. बर्फ, चहा, बरण्या, तो गृहस्थ, आपण काय बोललो, सगळं. सांगताना तिचे हात मेनूकार्डाचा कोपरा चुरगळत होते. पंचेचाळीस वर्षांनी हे शब्द बाहेर येत होते आणि तिला वाटत होतं, आता ही पोर हसेल.

बेथन हसली नाही. "आजी," ती म्हणाली, "म्हणजे त्या भिंतीवर तुझं नाव हवं होतं."

"भिंतीवर नको गं बाई. तुमच्या दोघांच्या डोक्यात असलं तरी पुरे."

"पप्पांना माहीत नाही?"

"नाही. आज सांगणार आहे."

"सांगच," बेथन म्हणाली. "आणि त्या गुडघे वाकवणाऱ्यालाही सांग. मी आहे ना."

मी आहे ना. ऑल्वेनला हे आयुष्यात कुणी म्हटलं नव्हतं. डेसनेसुद्धा नाही. तिने नाक शिंकरायचं निमित्त करून डोळे पुसले.

रसेल पेयं घेऊन आला, पाठोपाठ स्ट्यू आला. काळ्या लोखंडी भांड्यात, वर चरबी घालून मळलेल्या पिठाचे दोन उंडे, आणि उंड्यावर कसलीशी हिरवी काडी खोचलेली. ऑल्वेनने चमचा बुडवला आणि तोंडात घातला. गोड. गोड आणि दाट, आजाऱ्याला औषध देतात तसं. मटणाला दात लावायची गरज नव्हती, ते आधीच कुणीतरी चावून ठेवल्यासारखं सुटत होतं. आंबटपणा नाही, तो काळा तुरट ठसका नाही, काही नाही. तिला हॅनाचासुद्धा राग येईना, बिचारीच्या नावावर हे खपवतायत म्हणून.

"मस्त आहे, नाही?" रसेल म्हणाला.

जॅस्पर परत आला. "सगळं छान ना?"

आता या प्रश्नाचं आपल्याकडे एकच उत्तर असतं. ताटात मेलेला उंदीर निघाला तरी माणूस म्हणेल छान आहे, थँक्यू, आणि घरी जाऊन वर्षभर बायकोला ऐकवेल. रसेलने ते उत्तर दिलंही. आणि त्याच क्षणी ऑल्वेन म्हणाली, "नाही."

शेजारच्या टेबलावरचे काटे-चमचे थांबले. जॅस्परचं हसू जागच्या जागी राहिलं.

"हा तो स्ट्यू नाही," ऑल्वेन म्हणाली. "मला माहीत आहे, कारण तो मी केला होता. पहिल्यांदा. एकोणऐंशी साली, याच स्वयंपाकघरात. हॅना वगैरे कुणी नव्हती. मिसेस थर्सफील्डनी ती नंतर बनवली."

"आई," रसेल म्हणाला.

"बोलू दे मला. रसेल, हे तुझ्यासाठीच बोलतेय."

जॅस्परने मान तिरकी केली. "किती गोड," तो म्हणाला. "म्हणजे तुम्ही इथे काम करत होतात? आमच्या इतिहासाचा भागच आहात तुम्ही."

"भाग नाही हो. अख्खा," बेथन म्हणाली. "आजी, त्यात काय घालतात ते सांग त्यांना. जे मेनूवर लिहिलेलं नाही ते."

ही पोरीची युक्ती. आणि ऑल्वेनला ती एकदम पटली. खरंच की, पुरावा तर भांड्यातच आहे. "अक्रोडाचं लोणचं," ती ताठ बसून म्हणाली. "आणि मटण गार चहात मुरवायचं. हे मालकीण, मी आणि आयव्ही सोडून कुणाला ठाऊक नव्हतं. जा, तुमच्या आचाऱ्याला विचारा."

जॅस्पर गेला आणि आचाऱ्याऐवजी एक जाड फाईल घेऊन आला. कुठल्या पदार्थात काय आहे, कुणाला कशाची अ‍ॅलर्जी होईल, याची फाईल. कायद्यानेच ठेवावी लागते. त्याने पान काढलं आणि अगदी हळुवारपणे तिच्यासमोर धरलं. कोचमन स्ट्यू. खाली रकाने. भुईमूग नाही, बदाम नाही, अक्रोड नाही. चहाचं तर नावच नाही.

"आमचा स्ट्यू पूर्णपणे नट-फ्री आहे, ऑल्वेन," जॅस्पर म्हणाला. "पहिल्यापासून. अक्रोड असता तर बोर्ड लावावा लागला असता आम्हाला."

"पहिल्यापासून म्हणजे कधीपासून?" बेथनने विचारलं. "तुम्ही कधी लागलात इथे?"

"मार्चमध्ये."

"मग? आणि हा इथे शिजतो तरी का?"

जॅस्परने फाईल मिटली. "आमच्या मध्यवर्ती किचनमधून येतो. पिशव्यांतून. पण पाककृती अस्सल आहे."

"ऐकलंत पप्पा? पिशव्यांतून. मग आजीचा अक्रोड त्यात सापडणार कसा? तुमच्या कंपनीने मूळ स्ट्यू फेकून दिला आणि आता तुम्ही फाईल दाखवून माझ्या आजीला खोटं पाडताय?" बेथनचा आवाज चढला होता. आता सगळी खोली बघत होती. एका बाईने नवऱ्याचा हात दाबला.

रसेल कानापर्यंत लाल झाला होता. आईसारखाच. तो जॅस्परकडे वळला आणि खालच्या आवाजात म्हणाला, "माफ करा. आईचं हल्ली जरा... आम्ही बघतोय त्याचं." जॅस्परने डोळे मिटून मान हलवली, माझ्याही आजीचं तसंच होतं म्हणाला, आणि फाईल काखेत मारून गेला.

"आईचं हल्ली काय, रसेल?" ऑल्वेनने विचारलं.

त्याने ग्लास बाजूला सरकवला. "आई, हॅनाची गोष्ट मी लिहिली होती. शाळेत. आठवतं? तू भिंतीवर लावलीस. रोज येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचीस. मी विचारलंसुद्धा होतं तुला, ती कशी दिसत असेल. तू म्हणालीस, उंच असेल, हात मोठे असतील."

"तू किती खूश होतास. तुझं मन कसं मोडू?"

"म्हणजे त्रेचाळीस वर्षं तू माझं मन मोडलं नाहीस, आणि आज, गॅस विसरल्यावर, नावं विसरल्यावर, आज तुला हे आठवलं?" तो ओरडत नव्हता. ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. "बाबा कधी काही बोलले नाहीत. गावात कुणी बोललं नाही. एक माणूस सांग, एक, ज्याला हे माहीत आहे."

ऑल्वेनने आठवून पाहिलं. तिला सगळ्यांची थडगी आठवली, कोण कुठल्या रांगेत आहे ते.

"मला माहीत आहे," बेथन म्हणाली.

"तुला आज कळलं, बेथन. गप्प बस जरा." रसेलने खिशातून ते पत्रक काढलं, घडी उलगडली, आणि पुन्हा मिटली. त्याला ते वाचायची गरज नव्हती. "आई, ऐक. विसरणं सगळ्यांचं होतं. माझंही होतं. त्याला मी घाबरत नाही. पण यात लिहिलंय, की न घडलेल्या गोष्टी घडल्या म्हणून हट्टाने सांगायला लागलं, की माणसाला एकटं ठेवायचं नाही. मी रोज तासभर गाडी चालवून तुझ्याकडे येऊ शकत नाही. तिकडे शहरात एक जागा पाहून ठेवलीय मी. खोलीतून बाग दिसते."

"कोंबड्या?"

"कोंबड्या कशा नेणार, आई?"

तिने आपलं घर डोळ्यांसमोर आणलं. मागचं दार, जे लाथ मारल्याशिवाय बंद होत नाही. खिडकीतली तिची खुर्ची. दुपारी एकटीने लावायचा रेडिओ. आपल्या चुलीवर आपल्याला हवं ते, हवं तेव्हा शिजवायचं.

"मला ते नकोय," रसेल म्हणाला. "खरंच नकोय. तू एवढंच म्हण, की तुझी गल्लत झाली. इथे काम केलंस, इतकी वर्षं तो स्ट्यू रांधलास, म्हणून वाटलं तुला. कुणालाही वाटेल. तेवढं कळतंय तुला, एवढं दिसलं तरी मी डॉक्टरला फोन करणार नाही. कुठेच जायला नको. सगळं आहे तसं."

"आजी, मुळीच म्हणू नकोस," बेथन म्हणाली. तिने टेबलावरून हात पुढे करून आजीचं मनगट धरलं. मातीची नखं, गरम तळवा. "पप्पा, असं चालतं का? खरं बोलली तर वेडी आणि खोटं बोलली तर शहाणी? मी कोर्टातसुद्धा सांगेन. मी बघितलंय तिचं तोंड सांगताना."

ऑल्वेनने एकदा तिच्याकडे पाहिलं आणि एकदा रसेलकडे. मुलगा दुष्ट असता तर किती सोपं होतं. तो घाबरला होता, बारा वर्षांचा असताना दिसायचा तसाच दिसत होता, आणि जे ऐकायला आतुर होता ते तिने नाही म्हटलं तर तो खरोखर फोन करणार होता. त्याच्या शब्दाला तो पक्का होता. आणि पोरीच्या शब्दाने कुणाचं घर वाचत नसतं. आपण हट्ट धरू तेवढं आपलं वेड जास्त दिसणार, हेही तिला स्वच्छ दिसत होतं. डोकं शाबूत होतं म्हणूनच दिसत होतं.

तिने मनगट सोडवून घेतलं.

"झाली असेल गल्लत," ती म्हणाली.

"असेल, की झाली?" रसेलने विचारलं. अगदी प्रेमाने विचारलं.

"झाली. जत्रेत ती मुलगी बघितली, त्यावरून डोक्यात काहीतरी बसलं. माझं काही नाही त्यात."

रसेलचा जीव भांड्यात पडला. तो उठून टेबलाला वळसा घालून आला, वाकून तिच्या केसांवर ओठ टेकवले, आणि परत बसून भराभर जेवायला लागला. पत्रक चुरगळून त्याने शेगडीत टाकलं. "उगाच घाबरवलंस," तो तोंडात घास असतानाच म्हणाला.

बेथन जेवत नव्हती. ती आजीकडे बघत होती, आणि ऑल्वेनला ती नजर टाळता येईना. ऑल्वेनला वाटत होतं, हिला कळेल. ही तरी ओळखेल मी का म्हणाले ते. डोळ्यांनी ती तसं सांगायचा प्रयत्नही करत होती, पण जन्मात कधी डोळ्यांनी काही सांगितलं नव्हतं तिने.

"मला वाटलं होतं..." बेथन म्हणाली आणि थांबली. "एवढं बारीकसारीक सांगितलंस. किटली, बरण्या."

"तेच ना," रसेल म्हणाला. "तेच असतं त्यात. त्यांना ते खरंच वाटतं."

बेथन उठली. ऑल्वेनला वाटलं, बाहेर जातेय. पण ती बारकडे गेली. तिथे जॅस्पर ग्लास पुसत होता. ती खांदे पाडून त्याला काहीतरी म्हणाली, आणि त्याने हात हलवून सोडून द्या अशी खूण केली. पोरगी माफी मागत होती. या कुटुंबात जन्मात कुणाची माफी न मागणारी पोरगी, आजीपायी.

ती परत आली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. ऑल्वेनने रागाची तयारी केली होती. बेथनने खुर्ची अगदी जवळ ओढली, आजीच्या मांडीवरचा रुमाल नीट केला, तिच्या तोंडासमोर तोंड नेलं आणि एकेक शब्द सुटा करून, मोठ्याने विचारलं, "आजी, तुला, गोड, काय, आवडेल? कस्टर्ड? की, आईस्क्रीम?"